भागरथाबाईचा भोपळा

परवा नातसुनेनं बाळासाठी एक पिशवी मागवली. मूल पोटाशी बांधून हिंडायची पिशवी. तिला पट्टे, खटके, जाळी, आणि सोबत चित्रांची एक पुस्तिका. बाळाचं तोंड सतत दिसलं पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये, पाठीला आधार हवा, गुडघे बुडापेक्षा वर हवेत. नातसून हे सगळं मोठ्यानं वाचत होती आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होती, जणू आमच्या काळी आम्ही पोरं तंगडीला धरून नेत होतो.  पण यातलं एकेक वाक्य मी तरुणपणी ऐकलेलं होतं, आणि तेव्हा प्रत्येक वाक्याच्या आगेमागे एकेक शिवी होती. शिव्या गाळल्यामुळे पुस्तिका अगदीच मिळमिळीत झाली होती. भागरथाबाईनं ती चुलीत घातली असती.

तेव्हा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि गडचिरोली हा त्यातला एक तालुका होता. आमचे हे जंगलखात्याच्या लाकूड डेपोवर कारकून. गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात हा डेपो होता. मी नागपूरची, मॅट्रिक झालेली, आणि त्याचा मला भारी तोरा. थंडीचे दिवस होते. अडीच महिन्यांच्या मुलीला शालीत गुंडाळून, शालीवर पदर, पदरावर यांचा मफलर असा बंदोबस्त करून मी बैलबंडीतून उतरले. समोर एक उंच, काटकुळी बाई उभी होती. गुडघ्यापर्यंत कासोट्याचं लुगडं, कपाळावर गोंदण, गालात तंबाखू, आणि एक डोळा कायम अर्धा मिटलेला, त्यामुळे ती सगळ्या जगाशी घासाघीस करते आहे असं वाटायचं. तिनं नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही. दोन बोटं लुगड्याला पुसली, मफलर बाजूला सारला आणि ती बोटं सरळ माझ्या मुलीच्या हनुवटीखाली घातली.

"तू आई हायेस का कोण वो?" ती म्हणाली. "लेकरू आणलं का लोणच्याची बरणी? दम कुठून घेईन ते?"

मी मॅट्रिक असल्याचं तिला कुणीतरी सांगितलं. त्यावर ती "मंग तसंच असन" म्हणाली आणि निघून गेली.

गावात सुईण वेगळी होती. तिचं काम मूल बाहेर काढण्याचं. बाहेर आलेलं मूल पुढं कसं न्यायचं, हे खातं भागरथाबाईनं स्वतःकडे घेतलं होतं. कुणी दिलं नव्हतं आणि कुणी काढूनही घेऊ शकत नव्हतं. तिकडे बायकांना मूल अंगाला बांधल्यावाचून गत्यंतर नसे. धानाच्या रोवणीला चिखलात, कापणीला धुऱ्यावर म्हणजे बांधावर, मोहाची फुलं वेचायला रानात, सगळीकडे दोन्ही हात मोकळे हवेत. लुगड्याचं जुनं धडपं खांद्यावरून घ्यायचं, मूल त्यात बसवायचं, गाठ मारायची की झालं. पण भागरथाबाईच्या मते गावातल्या एकाही बाईला हे येत नव्हतं. एकीचं पोर फार खाली लोंबायचं, "वर घे, नाई तं मग शेपूट म्हण त्याले." एकीचं पोर पाय सरळ करून बांधलेलं, "लाकूड आणलं का डेपोतून? बेडकावानी बसव." पोर इतकं उंच हवं की मान किंचित वाकवली की त्याच्या टाळूचा मुका घेता आला पाहिजे. चुलीशी बसायचं असेल तर आधी पोर सोडायचं. काही उचलायचं तर कमरेत नाही, गुडघ्यात वाकायचं. गाठ एका ओढीनं सुटणारी हवी, म्हणजे सुरगाठ, पण तिचं शेपूट दोनदा आत खोवलेलं. आणि तोंड झाकायचं नाही. थंडी असो, धूळ असो, दृष्ट लागायची भीती असो, तोंड झाकायचं नाही.

ही शेवटची गोष्ट बायकांना पटत नसे. बाजाराच्या दिवशी शंभर डोळे असतात, कुणाची नजर कशी असेल सांगता येत नाही, म्हणून निघताना पदर ओढून मुलाचं तोंड झाकायची रीत होती. भागरथाबाई बाजाराच्या तोंडाशी चिंचेखाली बसायची आणि येणाऱ्या प्रत्येक झोळीत दोन बोटं घालायची. पाटलाची सून असो नाहीतर परगावची अनोळखी बाई, बोटं जायचीच. हनुवटी आणि छातीच्या मध्ये दोन बोटं सहज गेली तर काही न बोलता पुढं जाऊ द्यायची, आणि हीच तिची शाबासकी. नाही गेली तर पुढचा अर्धा तास सगळ्या बाजाराला ऐकू जायचा. स्वच्छता म्हणाल तर ती बोटं तंबाखूनं पिवळी झालेली असत. तिला तसं सांगायची एकदा मी हिंमत केली. "तंबाखूनं कोणी मेलं नाई," ती म्हणाली. हे खरं की खोटं याच्या भानगडीत मी पडले नाही.

बाजारात युसुफभाऊ कापडवाला बसायचा. त्याचं तिचं रोजचं वाकडं, कारण नव्या कापडात मूल बांधू नये असा तिचा आणखी एक कायदा होता. नवं कापड खळीनं ताठ असतं, अंगासरशी बसत नाही आणि गाठीतून हळूहळू सरकतं. "जुनं धडपं घे, सतरा डाव धुतलेलं," ती गिऱ्हाइकांना त्याच्या दुकानासमोर उभी राहून सांगायची.

"बाई, तुमी बसल्या का माहा धंदा बसते," युसुफभाऊ हात जोडायचा. "तुमाले नात झाली का मी पाह्यतो कोनतं धडपं वापरता ते."

"माह्या नातीले माहं जुनं लुगडं पुरे हाये," भागरथाबाई सांगायची. हे वाक्य ध्यानात ठेवावं.

तिच्या परीक्षेबद्दल मात्र सांगायलाच हवं. बाळंतीण सव्वा महिन्यानं घराबाहेर पडायची झाली की तिनं आधी भागरथाबाईच्या अंगणात जायचं. तिथं एक भोपळा असे. कौलांवरच्या वेलाचा, तान्ह्या मुलाएवढ्या वजनाचा, आणि तो कोणता घ्यायचा हे तिनं हातात तोलून ठरवलेलं असायचं. तो भोपळा बाईनं आपल्या धडप्यात पोटाशी बांधायचा आणि अंगणात पसरलेले दहा खडे वाकून उचलायचे. मोहाचे दिवस असले तर खड्यांऐवजी मोहाची फुलं. दहा होईपर्यंत भोपळा जागचा हलला नाही तर मूल बाहेर न्यायला मोकळीक. भोपळा पडला तर नापास, आणि फुटका भोपळा भाजीसाठी भागरथाबाईच्या घरी. भोपळा तिचा, अंगण तिचं, भाजीही तिचीच, तरी ती तो दंड वसूल केल्यासारखा आत घेऊन जायची.

मी पहिल्या खेपेला नापास झाले. चौथ्या खड्याला भोपळा सुटून तिच्या पायावर पडला. दुसऱ्या खेपेला पास झाले, तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "शिकेल हाये, तरी जमलं." इतकं मोठं प्रशस्तिपत्रक मला मॅट्रिकलाही मिळालं नव्हतं.

तिला आव्हान एकदाच मिळालं. रेंजरसाहेबांची बायको डेपोच्या बंगल्यावर राहायला आली आणि तिनं सोबत एक बाबागाडी आणली. निळी, छत असलेली. मूल सारखं अंगाशी घेतलं की ते लाडावतं आणि पायांत वाकतं, असं तिच्याकडच्या इंग्रजी पुस्तकात होतं. तिनं गावातल्या बायकांना बंगल्यावर बोलावून हे समजावलं. बायका मान डोलावत होत्या, कारण चहा मिळणार होता. बंगल्याबाहेरच्या रस्त्यावर गाडीची चाकं दहा पावलांत फुफाट्यात रुतायची, म्हणून ती आंब्याखाली उभी केलेली होती आणि साहेबांचा मुलगा तिच्यात झोपला होता. आंब्यावर लाल मुंग्यांची घरटी होती. व्याख्यान पायांच्या वाकण्यापर्यंत आलं आणि गाडीतून जी किंकाळी आली ती आजही आठवते.

सगळ्यांत आधी भागरथाबाई धावली. तिनं पोर झटकलं, मुंग्या वेचल्या, खांद्यावरचं धडपं सोडून त्याला छातीशी बांधलं, दोन बोटं घालून पाहिलं आणि साहेबिणीला म्हणाली, "गाडीले चाकं हाये वो बाई. हात कुठी हाये तिले?" साहेबीण नुसती रडत होती. पुढं साहेबांची बदली झाली, बाबागाडी मागे राहिली, आणि तिच्यात भागरथाबाईच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या. गाडीचा खरा उपयोग हाच आहे, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

या विजयानं ती चढली. आधीच तिला कुणी चूक म्हणत नसे, आता तिला स्वतःलाही आपली चूक होऊ शकते असं वाटेना. आणि याच सुमाराला तिला नात झाली.

सून होती मैना. बुटकी, सावळी, फार कमी बोलणारी. माहेरी तिनं आपली तीन भावंडं पाठीवर वाढवली होती, पण ते सासूला सांगण्याची सोय नव्हती. सव्वा महिना झाला आणि मैना परीक्षेला उभी राहिली. सासू दोन हात अंतरावर उभी, अर्धा डोळा मिटून बघते आहे, आणि शेजारच्या चारजणी कुंपणाशी. मैनेनं गाठ घाईघाईत मारली. भोपळा दुसऱ्या खड्यालाच गेला. मग पुढच्या आठवड्यात, मग त्याच्या पुढच्या. सात वेळा भोपळा पडला आणि सात वेळा त्या घरात भोपळ्याची भाजी झाली. निकाल असा की नातीला अंगणाबाहेर फक्त आजी नेणार. लवकर पिकणारं हलकं धान कापायला आलं होतं. मैना विळा घेऊन शेतात जायची, तिच्यामागून भागरथाबाई नातीला बांधून जायची, दूध पाजायला धुऱ्यावर मैनेच्या ओटीत द्यायची आणि पाजून झालं की परत घ्यायची. खुद्द आईला स्वतःचं मूल दहा पावलं न्यायची परवानगी नव्हती.

एकदा विहिरीवर मैना माझ्याशी बोलली. "माह्या पोरीले मी रस्ता दाखवला नाई वो बाई आजपावतो," ती म्हणाली. "लोक इचारते, पोरगी सासूची हाये का तुही? मी काय सांगू?" मग घागर उचलताना म्हणाली, "अन् मले भोपळ्याचा वासबी नोको झाला."

मला भागरथाबाईचा संताप आला. मी तिला बोलायला गेले, तर ती म्हणाली, "तुले दोन डावांत आलं, तिले सातांत नाई. पोरगी कोनाची हाये ते मी पाह्यत नाई, पडन का नाई ते पाह्यतो." मी तशीच परत फिरले. शिवाय खोटं कशाला सांगू, मी पास झालेल्यांत मोडत होते, आणि ते मला आवडत होतं.

दिवाळीनंतर गावात मंडई भरली. मंडई म्हणजे आमच्याकडची मोठी जत्रा, झाडून सगळे पाव्हणे येतात. लेकीसुना, व्याही, दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ करणारी मंडळी, जिलबीची, खेळण्यांची, बांगड्यांची दुकानं. भागरथाबाईला तीन महिन्यांची नात मिरवायची होती. ती युसुफभाऊच्या दुकानावरून गेली तेव्हा तो नुसता हसला आणि त्यानं लाल, जरीकाठाचं कापड उलगडून धरलं. तिनं त्याला बऱ्याच शिव्या दिल्या आणि कापड घेतलं. नव्या, खळीच्या कापडात नातीला पोटाशी बांधून ती मंडईत शिरली. मैना हातभर मागून, रिकाम्या हातांनी.

दिवसभर मी तिला बघत होते. पाव्हणे जमायचे, "दाखव न वो नात" म्हणायचे, आणि भागरथाबाई पोरीचं तोंड लुगड्याच्या पदराखाली घ्यायची. पहिल्यांदा थोडासा पदर. मग पुरता. "दृष्ट लावता का माह्या पोरीले?" ती म्हणायची. बाजारात शंभर बायकांचे पदर मागे ओढणारी ती, पण ही नात तिची होती, गोरी होती, बाळसेदार होती. गर्दीत तिला कुणाच्या झोळीत बोटं घालायची सवड नव्हती, आणि तिच्या झोळीत कोण बोटं घालणार?

"कशी चूप हाये पाहा," ती व्याहिणीला सांगत होती. "एवढी मंडई, एवढे ढोल, पण माह्या झोळीत लेकरू कुरकुर करत नाई. सकायपासून झोपली हाये."

मी हे ऐकलं आणि मला कौतुक वाटलं. जमलेल्या सगळ्यांनाच वाटलं. फक्त मैनेला वाटलं नाही. ती पुढं आली, सासूच्या समोर उभी राहिली आणि तिनं पदर मागे केला. नव्या कापडाची गाठ सरकत सरकत पोर खाली घसरलं होतं, आत दुमडलं होतं, हनुवटी छातीत रुतलेली. मैनेनं दोन बोटं घातली. बोटं गेली नाहीत.

"काऊन वो, माह्यावर भरोसा—" भागरथाबाईनं सुरुवात केली. मैनेनं गाठीचं शेपूट धरून एकच ओढ दिली. गाठ सुटली. पोरगी तिच्या हातांत आली. ओठ निळसर, मान लुळी. मैनेनं तिला आडवी हातावर घेतली, हनुवटी वर केली, पाठ चोळली, तळपायांवर चापट्या मारल्या, नाव घेऊन घेऊन हाका मारल्या. ढोल चालूच होते, पण आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. मग पोरगी उचकली, आणि रडली. इतक्या जोरात रडली की दंडारवाले थांबले.

मैनेनं तिला छातीशी घट्ट धरलं आणि सगळ्या मंडईतून, सगळ्यांच्या देखत, स्वतः उचलून घरी नेलं. लाल कापड भागरथाबाईच्या खांद्यावरून लोंबत राहिलं. युसुफभाऊनं ते हळूच घडी करून आपल्या दुकानात ठेवलं. त्यावर तो कधीही काही बोलला नाही, आणि याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

त्यानंतर भागरथाबाई बाजाराच्या दिवशी चिंचेखाली बसेनाशी झाली. पहिले काही दिवस बायकांना सुटल्यासारखं वाटलं. मग त्या येताना चिंचेकडे बघायच्या, थांबायच्या, आणि आपल्याच झोळीत आपलीच दोन बोटं घालून पुढं जायच्या. मला तिची शिवी नसल्याचं चुकल्यासारखं होत होतं. मी तिच्या घरी गेले तर ती ओसरीवर बसून असायची, कोंबड्या बाबागाडीत आणि ती बाबागाडीकडे बघत. नातीला तिनं हात लावला नाही. मैनेनं मनाई केली नव्हती. मैना आता पोरीला बांधून शेतात जायची, पाणी आणायची, गोंडपिपरीला माहेरच्या लग्नाला जाऊन आली. मी एकदा म्हातारीला म्हटलं, "घे की तिला." ती म्हणाली, "मी काऊन? मी नापास हाये न." हे ती गमतीनं म्हणाली नव्हती.

फाल्गुन संपता संपता यांची बदली चांद्याला झाली. आमचं सामान बंडीत भरलं, दीड वर्षाची झालेली मुलगी माझ्या पाठीशी बांधलेली, खाली उतरायला पाय झाडत होती. मोहाचे दिवस होते, झाडाखाली फुलांचा सडा पडला होता आणि सगळ्या बायका पाट्या घेऊन रानात निघाल्या होत्या. बंडी भागरथाबाईच्या घरावरून जायची होती. निरोप घ्यावा म्हणून मी बंडीवाल्याला थांबायला सांगितलं.

अंगणात मैना उभी होती. पोरगी तिच्या कडेवर. समोर जमिनीवर मोहाची फुलं पसरलेली, आणि त्यांच्यावर वाकलेली भागरथाबाई. जुनं, पार विटलेलं धडपं, सुरगाठ, शेपूट दोनदा खोवलेलं, आणि त्यात भोपळा. भोपळ्यावर कोळशानं दोन डोळे, नाक आणि तोंड काढलेलं होतं.

"गुडघ्यात वाका, आत्याबाई," मैना म्हणत होती. "अजून तीन फुलं हायेत. उद्यापासून मले मोह वेचाले जायचं हाये, पोरीले कोन पाह्यन?"

भागरथाबाई आणखी वाकली. तिच्या डोक्यावरचा पदर घसरला आणि भोपळ्याच्या तोंडावर आला. मला हसू आवरेना. पिवळ्या बोटांनी तिनं घाईघाईनं पदर बाजूला सारला. मग दोन बोटं लुगड्याला पुसली, कोळशाच्या तोंडाखाली लावली, आणि तशीच ठेवून थांबली. 

मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हासतं काय वो?" ती म्हणाली. "तोंड झाकलं होतं त्याचं."